लेबलाआधी मोकळी पट्टी वाचा : रॉक अँड रोलच्या जुन्या सिंगल्स जमवताना

मिरजेत आमच्या बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने रेडिओ टेबलावर ठेवला की बाबा तो आधी उलटा करायचे आणि मागचा पुठ्ठा काढायचे. पुढची जाळी, बटणं, कंपनीचं नाव हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं.

१९९८ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी मेम्फिसला आले. पहिल्याच उन्हाळ्यात एका घराच्या अंगणातल्या विक्रीतून सात इंची रेकॉर्डींनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलून आणला. भाव होता पाव डॉलरला एक. तेव्हा मला एल्विस प्रेस्लीच्या नावापलीकडे काही माहीत नव्हतं. आज कपाटात साडेनऊशेच्या आसपास सिंगल्स आहेत, बहुतेक १९५४ ते १९६० मधल्या. नवी रेकॉर्ड हातात आली की मी बाबांचीच पद्धत वापरते. लेबल नंतर बघते. आधी बघते ती गाण्याच्या खाचा संपल्यावर लेबलापर्यंत उरलेली चकचकीत मोकळी पट्टी. इथले जमवणारे तिला डेड वॅक्स म्हणतात.

मंडळाच्या गणपतीत, फोनवर, पुण्या-मुंबईहून आलेल्या भाच्यांकडून नेहमी एकच प्रश्न येतो : मावशी, सुरुवात कुठून करायची? म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी वस्तू कोणती ते समजून घ्या. आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ साली सात इंची, मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी तबकडी बाजारात आणली. मधलं भोक दीड इंचाचं. पुढे एक गाणं, मागे एक, हीच सिंगल. पुढच्याच वर्षी सीबर्ग कंपनीचा ४५ वर चालणारा पहिला ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र, आला आणि ही तबकडी हॉटेलाहॉटेलांत पोचली. रॉक अँड रोल वाढलं ते याच आकारावर. शाळकरी मुलांच्या खिशात एलपीचे, म्हणजे अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकडीचे, पैसे नसत, सिंगलचे असत. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' मी घरी पहिल्यांदा लावलं तेव्हा मला एकदम 'ईना मीना डीका' आठवलं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या 'आशा' चित्रपटासाठी ते याच धाटणीत बांधलं होतं, किशोरकुमारांनी एकदा आणि आमच्या सांगलीच्या आशाताईंनी एकदा गायलं होतं. परकं म्हणून ऐकायला बसले, आणि ठेका तर ओळखीचा निघाला.

एक गल्ली निवडा

सगळं जमवायला गेलात तर दोन वर्षांत खोली भरेल आणि नीट ओळखीचं काहीच नसेल. एखादं शहर, एखादं लेबल (इथे कागद नव्हे, कंपनीचा छाप), एखादं साल किंवा एखादा वादक निवडा. मी एक कारखाना निवडला. मेम्फिसच्या चेल्सी अव्हेन्यूवर बस्टर विल्यम्स यांचा प्लास्टिक प्रॉडक्ट्स नावाचा रेकॉर्डी दाबण्याचा कारखाना होता, अर्धगोल पत्र्याच्या शेडमधला. सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्सचा माल तिथे निघायचा, शिकागोच्या चेसचा निघायचा, आणखीही कितीतरी लहान कंपन्यांचा. गाणं ७०६ युनियन अव्हेन्यूवरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित व्हायचं आणि त्याच गावात तबकडी व्हायचं. माझ्या घरापासून या दोन्ही जागा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहेत. अशी हद्द आखून घेतली की डोळा लवकर तयार होतो. एकाच कारखान्याच्या शंभर तबकड्या हाताळल्या की एकशे एकावी वेगळी असली तर लगेच टोचते.

सन म्हटलं की सगळ्यांना एल्विसच हवा असतो. जुलै १९५४ ते ऑगस्ट १९५५ या काळात सनने त्याच्या पाच सिंगल्स काढल्या, क्रमांक २०९, २१०, २१५, २१७ आणि २२३. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीएने त्याचा करार ३५,००० डॉलरला घेतला. त्या पाचांच्या चांगल्या प्रती हजारो डॉलरला जातात आणि नकला सर्वांत जास्त निघाल्या आहेत त्याही त्यांच्याच. नवख्या माणसाने तिकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्याच स्टुडिओतलं, तितकंच अस्सल आणि परवडणारं पुष्कळ आहे. जेरी ली लुईसचं 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' लाखांनी खपलं, त्यामुळे आजही सापडतं. जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन', सन २४१, मी बारा डॉलरला घेतलं. फिलिप्स यांनीच १९५७ मध्ये फिलिप्स इंटरनॅशनल नावाचं दुसरं लेबल काढलं होतं. त्यावरचं बिल जस्टिसचं 'रॉन्ची' हे वाद्यसंगीत तर डब्याडब्यात पडलेलं असतं. एल्विसच्या मागे डबल बास वाजवणाऱ्या बिल ब्लॅकने पुढे स्वतःचा कॉम्बो, म्हणजे छोटा वाद्यवृंद, काढला आणि मेम्फिसच्याच हाय रेकॉर्ड्ससाठी १९५९ मध्ये 'स्मोकी' केलं. ते मला तीन डॉलरला मिळालं. त्याचा दुसरा भाग ऐका, घरातली लहान मुलंसुद्धा नाचतात.

उलट, जे खपलंच नाही ते महाग. चेल्सी अव्हेन्यूवरच मीटिऑर नावाचं छोटं लेबल होतं. त्यावरची चार्ली फेदर्सची १९५६ ची सिंगल मी आजवर दुसऱ्याच्याच कपाटात पाहिली आहे. गाणं किती प्रसिद्ध आहे यावरून किंमत ठरत नाही, प्रती किती उरल्या त्यावरून ठरते.

मोकळी पट्टी

ध्वनिमुद्रण आधी लॅकरच्या मऊ थाळीवर कोरलं जातं. ते करणारा माणूस त्याच वेळी मोकळ्या पट्टीत टोकदार हत्याराने क्रमांक खरवडतो. त्या थाळीपासून धातूचे साचे बनतात आणि साच्यातून तबकड्या. म्हणजे त्या माणसाचं हस्ताक्षर प्रत्येक प्रतीत उतरतं. लेबल कागदाचं असतं. कुणीही त्याचा फोटो काढून छापून घेऊ शकतो. पट्टीची नक्कल करणं मात्र अवघड, आणि नकला करणारे तिथेच आळस करतात.

वाचायचं कसं? टेबललॅम्पखाली तबकडी कडांनी धरा आणि सावकाश तिरपी करत जा. एका कोनात अक्षरं उजळतात. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग जवळ ठेवा. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारला तरी चालतं.

आरसीएच्या सिंगल्सवर तर सालच लिहिलेलं असतं. क्रमांकाचं पहिलं अक्षर एफ असेल तर १९५५, जी म्हणजे १९५६, एच म्हणजे १९५७. आय वगळून जे म्हणजे १९५८ आणि के म्हणजे १९५९. आणखी एखादं सुटं अक्षर ठोकलेलं दिसेल. आय म्हणजे इंडियानापोलिसचा कारखाना, आर म्हणजे न्यू जर्सीतला रॉकअवे, एच म्हणजे हॉलिवूड. माझ्याकडे 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'हाउंड डॉग'च्या एकाच सिंगलच्या तीन प्रती आहेत, तीन कारखान्यांतल्या. तिन्ही मिळून अठरा डॉलर पडले. एका संध्याकाळी त्या लागोपाठ लावून ऐका, बास थोडा थोडा वेगळा लागतो.

पट्टीत छोटा त्रिकोण आणि पुढे आकडा दिसला तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली. सनचा मालही तिथे दाबला जायचा, त्यामुळे त्रिकोण दिसला म्हणून घाबरू नका. मेम्फिसमध्ये दाबलेल्या सनच्या अनेक सिंगल्सच्या लेबलावर तीन गोल दाबखुणा असतात, दाबयंत्राच्या. डोळ्यांना नाही दिसल्या तर अंगठा हलकेच फिरवा. लेबलावर 'मेम्फिस, टेनेसी' छापलेलं असावं. सन इंटरनॅशनल किंवा नॅशव्हिल दिसलं तर ती १९६९ नंतरची पुनर्मुद्रणं, कारण त्या वर्षी शेल्बी सिंगलटन यांनी सन विकत घेऊन नॅशव्हिलला नेलं. ती वाईट नव्हेत, ऐकायला उत्तमच. फक्त जुन्याच्या भावात घेऊ नका. आणि सनवरच्या एल्विसची सिंगल लाल, निळ्या किंवा पिवळ्या रंगाच्या प्लास्टिकची असेल, किंवा तिच्यासोबत त्याच्या फोटोचं पाकीट असेल, तर दुसरं काही तपासूच नका. त्या काळी तसं काही निघालंच नव्हतं.

हे मी पैसे मोजून शिकले. २००४ साली एका रेकॉर्ड मेळाव्यात मी सन २१० घेतली, १८० डॉलरला. विक्रेता बोलायला गोड होता आणि लेबल इतकं पिवळंधमक होतं की मी भान विसरले. घरी येऊन कार्ल पर्किन्सच्या 'ब्लू स्वेड शूज'शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. दाबखुणा नाहीत, त्रिकोणही नाही. तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. पण भिंगाखाली लेबलावरची बारीक अक्षरं फुटलेली होती, कडा धुरकट, छापलेल्याचा फोटो घेऊन पुन्हा छापल्यावर होतात तशा. रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून पन्नास डॉलरच्या वरची कुठलीही तबकडी, शेजारी खात्रीची एक ठेवून पाहिल्याशिवाय मी घेत नाही. मेळाव्याला जाताना पर्समध्ये नेहमी एक स्वस्त, अस्सल सन असते.

हाताला काय लागतंय

सगळ्या सिंगल्स व्हायनलच्या नसतात. पुष्कळ स्टायरीनच्या असतात, म्हणजे ठिसूळ, कडक प्लास्टिकच्या. त्या वजनाला हलक्या लागतात आणि नखाने टिचकी मारली तर आवाज पातळ, खणखणीत येतो. व्हायनल बसका आवाज देतं. व्हायनलचं लेबल दाबतानाच आत बसतं, स्टायरीनचं वरून चिकटवलेलं असतं आणि कधीकधी सुटायला लागलेलं दिसतं. हा फरक कळणं फार महत्त्वाचं, कारण स्टायरीन झिजतं लवकर आणि झीज डोळ्यांना दिसत नाही. वरून काळीभोर, चकाकणारी तबकडी सुई टेकताच फरफरते. म्हणून स्टायरीनची सिंगल ऐकल्याशिवाय महाग घेऊ नका. व्हायनलचं उलट आहे. दिसायला ओरखडे, पण वाजते सुरेख, असं अनेकदा होतं. मी बॅटरीवर चालणारा लहान प्लेअर गाडीत ठेवते. बहुतेक दुकानदार लावून पाहू देतात.

अवस्था सांगायची इथली भाषा गोल्डमाईन मासिकाची आहे : मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड, पुअर. नावांनी फसू नका. 'गुड' म्हणजे चांगली नव्हे, चांगलीच खराब. साधारण हिशेब असा की निअर मिंटच्या निम्मी किंमत व्हीजी प्लसला आणि चौथाई व्हीजीला. मला व्हीजी प्लस पुरते. ब्रिटनमध्ये 'एक्सलंट' ही वेगळी पायरी आहे, तिथून मागवताना दोन्ही पद्धती एक समजू नका. विकणाऱ्याला सरळ विचारा : ऐकून ठरवलं की नुसतं बघून? उत्तर टाळलं तर सोडून द्या.

लेबलावर पेनने नाव लिहिलेलं असलं की किंमत घसरते. मला मात्र अशाच आवडतात. मुली पार्टीला रेकॉर्डी घेऊन जायच्या, परत येताना आपली ओळखू यावी म्हणून नाव टाकायच्या. माझ्या पहिल्या डब्यातल्या एकवीस सिंगल्सवर एकाच मुलीचं नाव आहे, आणि प्रत्येकीवर क्रमांक. ३ आणि १४ नाहीत. सव्वीसच्या वर वर्षं झाली, मेम्फिसच्या व्हाइटहेवन भागात कुठलाही डबा उघडला तरी मी आधी ते हस्ताक्षर शोधते.

शोधायच्या जागा

अमेरिकेत असाल तर इस्टेट सेल, म्हणजे घरातलं माणूस गेल्यावर किंवा वृद्धाश्रमात गेल्यावर होणारी घरगुती विक्री. पहिल्या दिवशी पूर्ण भाव, शेवटच्या दिवशी बहुधा निम्मा. पहिल्या दिवशी जा. रेकॉर्डी दिवाणखान्यात मांडलेल्या असतातच, पण मी नेहमी विचारते, शिलाईच्या खोलीत, गॅरेजमध्ये, माळ्यावर काही आहे का? सिंगल्स लहान असतात, त्या एलपींच्या ढिगात सापडत नाहीत, बुटांच्या खोक्यात सापडतात. आणि तिथे हळू बोला, हसू नका, घासाघीस बेताची करा. कुणाचं तरी घर मोडत असतं.

ब्रिटनमधल्या मंडळींनी लंडन हे लेबल शिकून घ्यावं. सन, स्पेशॅल्टी, चेस, इम्पीरियल या अमेरिकन कंपन्यांची गाणी तिकडे त्यावर निघत. पन्नासच्या दशकातल्या प्रतींचा मधला भाग त्रिकोणी असतो. अक्षरं सोनेरी असतील तर ती १९५७ च्या सुमाराआधीची, पुढे ती रुपेरी झाली. एल्विसच्या पहिल्या ब्रिटिश सिंगल्स एचएमव्हीच्या आहेत.

भारतात खरं सांगायचं तर ४५ च्या रॉक अँड रोल सिंगल्स कमी, आणि ज्या मिळतात त्या पुष्कळ वाजलेल्या. तरी मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार सोडू नका. तिथली खरी चीज वेगळी आहे. आपल्याकडे लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जगाच्या मानाने फार उशिरापर्यंत निघत राहिल्या. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा ७८ वर दाबली गेली, साठच्या दशकात. त्यासाठी परदेशातले लोक मोठी किंमत मोजतात. पाश्चात्त्य संगीताची ७८ दिसली तर धूळ पुसून नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धुणं, वाजवणं, ठेवणं

बाबा रेडिओचे संपर्क स्पिरिटने पुसायचे. मीही तसंच करत लाखेची एक ७८ स्पिरिटने पुसली. क्षणात तिची झळाळी गेली, कापूस काळा झाला आणि गाणं कायमचं खरखरलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाखेला स्पिरिट कधीही लावू नका, स्टायरीनलाही मी लावत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, एवढंच. मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल फिरवत पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एकदा आणि ताटाळ्यात उभी करून वाळवा. पंख्याखाली नको, धूळ बसते.

सुईबद्दल दोनच गोष्टी. टोक गोल, शंकूच्या आकाराचं असू द्या. लंबगोल टोकं स्टायरीनवर निर्दय असतात. पन्नासच्या दशकातल्या मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणाऱ्या) खाचा २५ मायक्रॉनच्या टोकासाठी आहेत, आजच्या स्टिरिओ सुया १८ च्या आसपासच्या. झिजलेल्या तबकडीवर दोन्ही लावून पाहा. वेगळ्या जाडीचं टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकतं, तिथे कधीकधी न झिजलेला भाग मिळतो आणि गेलेलं गाणं परत येतं. ७८ ला मात्र ७५ मायक्रॉनची वेगळीच सुई लागते. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबाच. खाचेतला निम्मा खरखराट वर-खाली हालचालीचा असतो, तो गळून जातो.

ठेवताना उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून पण दाबून नव्हे. पीव्हीसीची पाकिटं टाळा, वर्षा-दोन वर्षांत तबकडीवर धूसर थर येतो. साधं कागदी पाकीट आणि बाहेरून पॉलिथीनचं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या बदला. उन्हात उभ्या गाडीत एक तासही ठेवू नका. मेम्फिसच्या जुलैत माझी 'रॉन्ची'ची दुसरी प्रत डिकीत बशीसारखी झाली.

गावी नेताना मी त्या सामानात देत नाही. सात इंची तबकड्या हातातल्या पिशवीत बसतात. प्रत्येक दोनच्या मध्ये त्याच मापाचा कोरा पुठ्ठा, दहांची एक गड्डी, गड्डीला रबर नव्हे, सुती नाडी बांधा. विमानतळावर उघडून दाखवायला सांगितलं तर गड्डी स्वतः सोडा आणि हात लावायला येणाऱ्याला आधी दाखवा की दोन तळहातांमध्ये, फक्त कडांना धरायचं असतं.